थोरली डावीकडे फेकते

ग्वांगझू, ११ एप्रिल २००५

प्रिय नोरीन,

तुझं पत्र मिळालं. डॅडींचा खोकला उतरला हे वाचून जिवात जीव आला. तू विचारतेस, आठवडाभर तिकडे काय करतोस? आठवडाभर मुलांपुढे उभा राहून 'हे टेबल, ती खुर्ची' असं इंग्रजी शिकवतो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं जे घडतं ते रविवारी.

मो ग्वोलियांग नावाचा एक दोस्त मिळालाय. सेहेचाळीस वर्षांचा, ग्वांगशीच्या डोंगरांतला, आमच्या कॉलेजच्या कार्यशाळेत सुतार आहे. मला 'उस्ताद' म्हणतो. हे दिवस इथे पितरांची थडगी झाडायचे. मोच्या वडिलांचं थडगं बसने बारा तासांवर, आणि रजा कुणी देत नाही. म्हणून काल आम्ही जवळच्या टेकडीवर चढलो. त्याने पश्चिमेकडे तोंड केलं, दारू शिंपडली, कागदी नोटा पेटवल्या, आणि वडिलांशी चांगला अर्धा तास बोलला. यंदा पाऊस नाही, भावाने म्हैस विकली, असलं काहीबाही.

तेवढ्यात शिट्टी. दंडावर लाल पट्टी बांधलेला जंगलखात्याचा माणूस. टेकडीवर आग पेटवायला बंदी आहे म्हणे. आम्ही लिचीच्या बागेतून खाली पळत सुटलो, मागे कुत्रं. मी पाटात पालथा पडलो तेव्हा त्या माणसाने आम्हाला गाठलं.

मो हात जोडून म्हणाला, "साहेब, या परदेशी माणसाचे वडील अमेरिकेत पुरलेत. त्याने बिचाऱ्याने कुठे जावं?"

"अमेरिका पूर्वेला आहे. तुम्ही पश्चिमेला तोंड करून का जाळत होता?"

"पृथ्वी गोल आहे ना, साहेब."

तो इतका हसला की मोकडून सिगारेट घेऊन आम्हाला सोडून दिलं. मी त्यांना इथे मारून टाकलंय हे डॅडींना सांगू नकोस.

तुझा,
कर्टिस


नॉर्थ कॅरोलायना, २९ एप्रिल २००५

कर्टिस,

सांगू नकोस म्हणजे वाचून दाखव, एवढं मला कळतं. डॅडी हसून हसून लाल झाले, मग खोकत बसले. म्हणाले, "मला पुरायचंच आहे तर टेकडी तरी सावलीची निवड म्हणावं." पत्र पाकिटासकट त्यांनी आपल्या कपाटात ठेवलंय. पाकिटाचं काय करतात कोण जाणे, सगळी जपून ठेवतात.

तुला उस्ताद कशाला म्हणतात रे? इंग्रजीचा उस्ताद? शाळेत दोनदा नापास झालास ते त्यांना सांगितलंस का?

इथली बातमी चांगली नाही. गेल्या शनिवारी आपल्या फर्निचर कारखान्याचं धुराडं पाडलं. निम्मं गाव खुर्च्या घेऊन बघायला गेलं होतं. डॅडी गेले नाहीत. अडतीस वर्षं ज्या धुराड्याखाली काढली ते पडताना बघायचं नाही म्हणाले. घरात रेडिओ मोठ्याने लावून बसले. पण धुराडं पडलं तेव्हा खिडक्या वाजल्याच. त्यांनी रेडिओ बंद केला.

लॅमर डॉबिन्सचा मोठा मुलगा तुमच्या चीनमध्येच एका फर्निचर कारखान्यात लागलाय. आपलं काम ज्यांनी नेलं त्यांनाच ते शिकवायला गेलाय. लॅमर आता चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो, कुणी त्याच्याशी बोलत नाही. डॅडी मात्र भेटेल त्याला सांगतात, माझा मुलगाही तिकडे आहे, पण कॉलेजात शिकवतो. एवढी एकच गोष्ट ते मान वर करून सांगतात.

तुझ्या वसतिगृहात अजून फोन आला नाही का? की बहिणीला नंबर द्यायचा नाही?

नोरीन


ग्वांगझू, १३ जून २००५

प्रिय नोरीन,

फोनचं बघतो.

परवा होड्यांच्या शर्यतीचा सण होता. कालव्याकाठच्या गावाला एक वल्हेकरी कमी पडत होता. मो त्यांना म्हणाला, "माझा उस्ताद अमेरिकेत नदीवरच वाढलाय." आपल्या ओढ्याला त्याने नदी करून टाकलं. वर स्वतःही नावेत बसला, आणि त्याला पोहता येत नाही हे मला सांगितलंच नाही. चाळीस हात लांब, अरुंद नाव, मध्ये ढोल बडवणारा म्हातारा, दोन्ही बाजूंना आम्ही ओणवे. सुरुवात झोकात झाली. पुलाखालून जाताना लोकांनी माझ्याकडे बघून आरोळी ठोकली, मी वर पाहिलं, माझं वल्हं शेजाऱ्याच्या वल्ह्यात अडकलं आणि अख्खी नाव उलटली. पाणी छातीभर, पण खाली गुडघाभर चिखल. मो दोनदा खाली गेला. तिसऱ्यांदा मी त्याला कॉलरला धरून वर काढला.

काठावर त्याची बायको उभी होती. वेइ मेइजू तिचं नाव, मी वहिनी म्हणतो. आधी तिने मोच्या पाठीत दोन धपाटे घातले, मग मलाही एक. "एक डोंगरातला, एक परदेशातला. दोघांत मिळून एक डोकं नाही!" मग केळीच्या पानातले भाताचे गोळे सोलून आम्हाला भरवले, कारण दोघांचे हात चिखलाने माखले होते.

परतताना मो सगळा वेळ कार्यशाळेतल्या नव्या मशीनबद्दल बोलत होता. अमेरिकेहून आलीय, हिरवी, माणसाएवढी उंच. लाकडाला गोलाई अशी काढते की हात फिरवला तर काच वाटावी. "तुमच्या देशात लोखंडसुद्धा शिकलेलं असतं, उस्ताद," म्हणाला. डॅडींना सांग, त्यांना गंमत वाटेल.

कर्टिस


नॉर्थ कॅरोलायना, १ जुलै २००५

कर्टिस,

मला डॅडींची काळजी वाटायला लागली आहे.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. नाव उलटली तिथपर्यंत ते हसत होते. मग मशीनचं वाचलं तर म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, पाकीट दे. चष्मा लावून पाकिटावरचा शिक्का बघत बसले. कपाटातून तुझी आधीची सगळी पाकिटं काढली, ती मांडीवर पसरली. जेवायला उठले नाहीत. मी विचारलं, काय झालं? तर काही नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "कर्टिसला लिहिशील तेव्हा एवढंच विचार. थोरली जेवणानंतर अजून डावीकडे फेकते का?"

मी म्हटलं, "डॅडी, घरात थोरली मीच आहे. मी काय फेकलं?"

"तू लिही. त्याला कळेल."

तुला कळलं का? मला तर वाटतं, त्यांचं डोकं भरकटायला लागलंय. आईही कधी काही फेकत नव्हती, अंगावर ओरडायची तेवढीच. डॉक्टर म्हणतात, रक्तात प्राणवायू कमी पडला की असं होतं. मी लिहिलंय, कारण रोज विचारतात, लिहिलंस का? तू काहीतरी गोड उत्तर दे म्हणजे झालं.

नोरीन


१७ जुलै २००५

प्रिय नोरीन,

डॅडींना सांग, मी मजेत आहे.

त्या प्रश्नाचं मला काही समजलं नाही. म्हातारपणी होतं असं. फार मनावर घेऊ नकोस आणि तोच विषय पुन्हा काढू नकोस.

या रविवारी मो, वहिनी आणि मी बसने समुद्रावर गेलो. त्या दोघांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. वहिनीने पाणी चाखून थुंकलं. मो म्हणाला, एवढं पाणी आणि एक घोट पिता येत नाही, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? खडकांवरचे शिंपले फोडून खाल्ले. परतताना बस बंद पडली, तीन तास रस्त्यात होतो. बाकी विशेष नाही.

कामं फार आहेत. पत्राला उशीर झाला तर समजून घे.

कर्टिस


नॉर्थ कॅरोलायना, १५ ऑगस्ट २००५

कर्टिस,

महिना होत आला, तुझा कागद नाही. आणि आलं होतं ते पत्र कसलं रे? बँकेतून आल्यासारखं.

डॅडी रोज पोस्टाच्या वेळेला दारात खुर्ची टाकून बसतात. तुझं ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "थोरलीचं काय लिहिलंय?" मी म्हटलं, समजलं नाही म्हणतोय. ते म्हणाले, "समजलंय त्याला." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

तुला सांगणार नव्हते, पण सांगते. जूनपासून त्यांना नळीतून प्राणवायू लावलाय. अडतीस वर्षांचा भुसा छातीत आहे, डॉक्टर म्हणतात तो काही निघणार नाही. तुम्हा दोघांत काय चाललंय मला माहीत नाही. पण काही राहिलं असेल तर लवकर बोलून घ्या.

नोरीन


डोंगग्वान, २८ ऑगस्ट २००५

नोरीन,

हे पत्र एकटी बसून वाच. डॅडींना वाचून दाखवू नकोस, दिसेल असं ठेवूही नकोस.

वर गावाचं नाव मी पहिल्यांदाच खरं लिहिलंय. मी ग्वांगझूत नाही. कधीच नव्हतो. कॉलेजही नाही आणि वर्गही नाहीत. लॅमर डॉबिन्सचा मुलगा जे करतो तेच मी करतो. दीड वर्ष इथल्या एका फर्निचर कारखान्यात आहे. आपल्या कारखान्याची यंत्रं लिलावात निघाली ती यांनीच घेतली. ती कुणी बसवून देईल का, माणसं तयार करून देईल का, असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणालो. मी आयुष्यभर पॉलिशखात्यात होतो, नोरीन. त्या मशीनवर मी कधी उभा राहिलो नाही. पण त्यांना सांगितलं, मला सगळं येतं. घरावरचं कर्ज होतं, डॅडींची औषधं होती. तुम्हाला रविवारच्या गमती लिहिल्या, कारण बाकीचे सहा दिवस लिहिण्यासारखे नव्हते.

थोरली म्हणजे ती हिरवी मशीन. गोलाई काढणारी. डॅडी तिला त्याच नावाने हाक मारायचे आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी मोला तिच्यावर उभं केलं, कारण माझ्याकडे तितका चांगला दुसरा सुतार नव्हता.

तुझं जुलैचं पत्र वाचलं तेव्हा डॅडींना सगळं कळलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला वाटलं, ते मला टोमणा मारतायत. माझी मशीन चालवतोस ना, कशी आहे ती, असं. मी तुला खोटं लिहिलं. फेकते म्हणजे काय फेकते, हे विचारायला पाहिजे होतं. तेवढंच करायचं होतं मला.

नऊ ऑगस्टला, मंगळवारी, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी तिने फेकलं. लाकडाची हातभर लांब पट्टी. जेवणाची सुट्टी संपून अर्धा तासही झाला नव्हता. मो डाव्या बाजूला उभा होता, कारण तिथून धार चांगली दिसते असं मीच त्याला शिकवलं होतं. पट्टी बरगड्यांच्या खाली बसली. रक्त फार आलं नाही. तो खाली बसला आणि मला म्हणाला, "उस्ताद, लाकूड खराब झालं का?" दवाखान्यात दोन दिवस होता. आतून रक्त वाहत होतं. वहिनी पॅकिंगखात्यात आहे, तिला सही करायला बोलावलं तेव्हा ती हातातली चिकटपट्टी तशीच घेऊन आली. गुरुवारी सकाळी तो गेला.

कारखान्याने कागदावर लिहिलं, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. मी तिथेच उभा होतो. तो कागद तसाच पुढे गेला.

गेल्या शनिवारी मी वहिनीबरोबर त्याच्या गावी गेलो. तेरा तास बस, मग टेम्पो, मग दोन तास पायी. शहरात प्रेत जाळावंच लागतं, त्या राखेचं मडकं तिने पूर्ण वेळ मांडीवर धरलं होतं, खिडकीच्या बाजूला, त्याला बाहेरचं दिसावं म्हणून. मध्ये मध्ये त्याला सांगत होती, नदी आली बघ, घाट लागला बघ. त्यांच्याकडे माणसाला आधी पुरतात, आणि काही वर्षांनी हाडं बाहेर काढून, धुऊन, रांजणात ठेवतात. मोची आई ऐंशीची आहे. तिने मडक्याचं झाकण उघडून आत पाहिलं. मग सुनेला काहीतरी विचारलं, मग मला विचारलं, मग दारातल्या प्रत्येकाला तेच विचारलं. मी वहिनीला विचारलं, काय म्हणतायत?

"धुवायला हाडं कुठे आहेत, असं विचारतायत."

निघताना वहिनी मला सोडायला कुंपणापर्यंत आली. म्हणाली, "कारखान्याचे लोक म्हणतात त्याचीच चूक. तुम्ही त्याचे उस्ताद. तुम्ही सांगा, मशीन चांगली होती का?"

मी म्हणालो, "चांगली होती."

ती म्हणाली, "मग चूक त्याचीच," आणि मान हलवून आत गेली.

मशीन चौकशीसाठी सील केली आहे. दुसरा माणूस नेमलाय. ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर पुन्हा सुरू करणार.

कर्टिस


नॉर्थ कॅरोलायना, १४ सप्टेंबर २००५

कर्टिस,

थोरलीला पुन्हा वीज जोडायच्या आधी सोबतचं चित्र बघ. पत्र नंतर वाच.

नोरीनने तुझं पत्र पिठाच्या डब्यामागे लपवलं होतं. ती कामाला गेल्यावर मी काढून वाचलं. तिला बोलू नकोस. हे मी स्वतः लिहितोय, तीन दिवस लागले, अक्षर लागत नसेल तर हळू वाच.

ती सकाळभर चालली की आतला बेअरिंग तापतो. जेवणाच्या सुट्टीत पुरता निवत नाही. पुन्हा सुरू केली की दांडा केसभर ढिला होतो, आणि लाकडात गाठ आली की ती पट्टी पकडते आणि डावीकडे फेकते. एकोणिसशे एकाहत्तर साली तिने माझ्या मागच्या भिंतीत भोक पाडलं होतं. कंपनीने बेअरिंग बदलला नाही. म्हणून मी चिवट लाकडाचा आडोसा करून डाव्या बाजूला बसवला, आणि जेवणानंतर तासभर तिला हात लावायचो नाही. बत्तीस वर्षांत माझ्याशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं. आडोशाचं चित्र मापांसकट काढलंय. बेअरिंगचा आकडा खाली लिहिलाय, तो आधी बदल.

आता दुसरं. मशीन खोक्यात घातली तेव्हा मी तिथे होतो. खोक्यावर डोंगग्वान हे नाव पत्र्यात कापलेल्या अक्षरांवरून मीच रंगवलं. तुझ्या पाकिटांवरच्या शिक्क्यावर तेच नाव होतं. मला ते पहिल्याच पाकिटावर कळायला हवं होतं, पण मी बघितलं नाही, बघावंसं वाटलं नाही.

खोकं बंद करताना मॅनेजर आडोसा काढून म्हणाला, "हे काय? हे मशीनबरोबर आलेलं नाही, काढून टाक." मी म्हणालो, "काही नाही, असंच आहे." काय आहे ते मला सांगता आलं असतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. आमचं काम नेताय ना, मग हेही न्या, असं वाटलं. न्या आणि बघा, असं. मनात तेव्हा कुणाचा चेहरा नव्हता. नुसते 'ते लोक' होते.

आणि जूनअखेर कळलं की तू तिच्याशेजारी उभा आहेस. तरीही मी सरळ लिहिलं नाही. दोन ओळी होत्या, नोरीनने लिहिल्या असत्या. मला तुला सावध करायचं होतं, पण आधी टोचायचंही होतं. तुला तो टोमणा वाटला. अर्धा तो टोमणाच होता. तू चूक समजला नाहीस.

तू त्या बाईला खोटं सांगितलंस. परत जा आणि खरं सांग. काही लिहून द्यावं लागलं तर माझं नाव घाल. पूर्ण नाव. मला काय करणार आहेत ते? माझ्याकडे आता नेण्यासारखं काही नाही.

तू कुठे काम करतोस त्याची लाज मला वाटली, हे खरं आहे. ती आता कुठे गेली, आठवत नाही.

हार्लन टीग


डोंगग्वान, १७ ऑक्टोबर २००५

डॅडी,

तुमचं पत्र सत्तावीस सप्टेंबरला मिळालं. सुट्टीच्या दिवसांत बेअरिंग बदलला, आडोसा तुमच्या मापाने बसवला. इथल्या मॅनेजरने हात लावून बघितला. म्हणाला, "हे आधी कुठे होतं?" मी म्हणालो, "माझ्या वडिलांना माहीत होतं. मी वेळेवर विचारलं नाही." त्याने दार लावून घेतलं आणि मला सांगितलं, हे वाक्य या खोलीबाहेर बोलायचं नाही.

शनिवारी मी मोच्या गावी गेलो. बसमध्ये तेरा तास काय बोलायचं ते जुळवत होतो. पोचल्यावर त्यातलं काही उपयोगाला आलं नाही.

वहिनी अंगणात मक्याचे दाणे काढत होती. शेजारी मोची आई बसली होती. वहिनीने मला बघून पाट सरकवला आणि एक कणीस माझ्या हातात दिलं. मीही दाणे काढायला लागलो. मग म्हणालो, "वहिनी, मशीन चांगली नव्हती. मी खोटं बोललो."

तिचा हात थांबला नाही. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाही. माझ्या वडिलांना. त्यांनी पत्रातून विचारलं होतं, एक महिना आधी. मला वाटलं ते टोमणा मारतायत."

"मग तुम्ही काय उत्तर दिलं?"

"समजलं नाही, असं कळवलं. मला लाज वाटली."

तिने सासूला त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं. म्हातारी कान पुढे करून ऐकत होती. मग तिने काही विचारलं. वहिनी म्हणाली, "त्या विचारतायत, कशाची लाज?"

मी समजवायचा प्रयत्न केला. मी कारखान्यात काम करतो हे वडिलांपासून लपवलं होतं, त्यांना कळू नये असं वाटत होतं. वहिनीने ते सांगितलं. म्हातारीने पुन्हा विचारलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं असं तिला वाटलं. वहिनीने पुन्हा तेच सांगितलं. मग म्हातारी माझ्याकडे बघून हळू आवाजात काही बोलली. वहिनी आधी माझ्यासाठी ते सांगायला तयार नव्हती. मी म्हटलं, सांगा.

"त्या म्हणतायत, माझा पोरगा कारखान्यात लागला तेव्हा मी घरोघर जाऊन सांगितलं होतं."

डॅडी, मी पुन्हा कणसाचे दाणे काढायला लागलो.

वहिनीने मला जेवायला वाढलं. मक्याची पेज आणि भोपळ्याचा पाला. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला उपाशी पाठवता येत नाही, म्हणाली, पण स्वतः बसली नाही. माझं होईपर्यंत दाराला टेकून उभी होती. मग म्हणाली, "आता कागद."

ती शाळेतल्या लान गुरुजींना घेऊन आली. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. मशीन कुठली, दोष काय, कुणाला माहीत होता, आडोसा कुणी काढून टाकला, कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, मोला डावीकडे कुणी उभं केलं. गुरुजी दोनदा थांबले. म्हणाले, "हे सगळं घालायचं? तुमच्यावर येईल." वहिनी म्हणाली, "घाला." मी सही केली, तिने शाईचा डबा पुढे केला, मी अंगठाही उठवला. कामगारखात्यात द्यायला ती पुढच्या आठवड्यात शहरात येणार आहे, एकटी. मी बरोबर येतो म्हटलं तर नको म्हणाली. "तुम्ही मला नुसती नावं शिकवा. तिथे मला विचारतील, कुणी केलं, तर कागदाकडे बघत बसणार नाही. तोंडाने सांगणार."

म्हणून तिथे अंगणात मी तिला आपली नावं शिकवली. तिच्या जिभेला ती वळत नव्हती. हार्लन म्हणताना र कुठेतरी हरवायचा, टीग म्हणताना शेवटचा ग. मी म्हणायचो, ती म्हणायची. चुकलं की मान हलवून पुन्हा. आत म्हातारी भांडी घासत होती, तीही थांबून ऐकायला लागली. आधी तुमचं, मग माझं. मला वाटलं एवढं पुरे, पण वहिनीला ते पुरेसं वाटेना. मी निघालो, वाटेला लागलो, कुंपण ओलांडून खाली उतरलो, तरी वरून ऐकू येत होतं. ती दोन्ही नावं म्हणत होती, आणि आता बरोबर म्हणत होती.

कर्टिस